पंधरावी काठी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. रेवतीस,
धाकूकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू बंगळूरहून पाठवलेली टोपी काशीराम स्वतः घरी आणून देऊन गेला. तुझा बाप दिवसभर ग्राउंडवर गवताचं मशीन चालवून दमलेला असतो, त्याला पंतनगरपर्यंत पाठवायचं काही कारण नव्हतं. टोपी चांगली आहे. मी ती घातलेली नाही.

मला फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं घरातली चार माणसं ऐकतात. माझं शिक्षण पाचवीपर्यंतचं, तेव्हा चुकलेलं सांभाळून घे.

विहारात तुझा सत्कार झाला त्या दिवशी मी आलो नाही. माझं पोट बिघडलं होतं. आमच्या रत्नप्रभेने तुझ्या आईला सांगितलं की ह्यांचा गुडघा धरलाय. दोन्ही खरं धर.

तिकडे थंडी असते म्हणतात. कानाला काही बांधत जा. बॅग बाहेर ठेवू नकोस, दव पडतं. पटर काठीच्या मुठीची पट्टी सुटायला आली होती, ती बसवून घे. दसऱ्यानंतरच्या मॅचला पहिला नंबर आला म्हणून तुला तिथे गोल्फ शिकायला वर्षाची जागा मिळाली. आपल्या ग्राउंडवरच्या कामगाराची पोर अशा ठिकाणी कधी गेली नव्हती. काशीराम येईल त्याला सांगतो, माझ्या पोरीला धाकूने खेळ शिकवला. त्याला असं सांगू नको म्हणावं.

दुसरा नंबर आलेली ती मुलुंडची गंधाली, तिची काही खबर आहे का? ती पुढे खेळते ना? एवढंच विचारतो.

तुझा,
धाकूकाका

*

बंगळूर
१३ नोव्हेंबर

धाकूकाका,
सप्रेम जयभीम.

तुमचं पाकीट बघून हॉस्टेलच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, काही कोर्टाचं आहे का. इथे कोणाला पत्रच येत नाही ना. मी म्हटलं, आमच्या काकांचं आहे, ते कोर्टापेक्षा जास्त प्रश्न विचारतात.

पोट की गुडघा, एक ठरवा. बाबांनी सत्काराला तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवली होती. कोणी बसायला आलं की म्हणायचे, धाकू येतोय. शेवटी तिच्यावर कोणाचं तरी बाळ झोपवलं. तुम्ही आला नाहीत ते एका अर्थी बरंच झालं. हार घालून घेताना मला कसंतरी होत होतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी पायाकडे बघत होते. आई म्हणाली, पोरगी किती साधी आहे. जाऊ दे.

इथे सगळं झकास आहे. ग्राउंड इतकं सपाट की झोप येते. इथला बॅग उचलणारा कॅडी मला मॅडम म्हणतो, मग माझा पहिला फटका वाकडाच जातो. जानेवारीत पुण्याला मॅच आहे. तिथे बॅग तुम्हीच उचलायची, मी इथे सांगून ठेवलंय.

गंधालीचा निकालाच्या दिवशी मेसेज आला होता, अभिनंदनाचा. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि काका, तुमची ती जुनी सात नंबरची काठी कुठे आहे? मी नऊ वर्षांची असताना जिच्यावर शिकले ती. सहज आठवण आली म्हणून विचारलं.

रेवती

*

पंतनगर, घाटकोपर
ता. २४ नोव्हेंबर

चि. रेवतीस आशीर्वाद.

तू त्या काठीचं विचारलंस आणि माझ्या हातातला चहा सांडला. तुला बिचारीला काय ठाऊक, तू आठवणीने विचारलंस. पण मला वाटलं, आता देवानेच हिच्या तोंडून विचारलं, आता गप्प बसलो तर मी माणसात नाही. रत्नप्रभा रोज विचारते, "तुमका झाला काय? ताटात जेवान तसाच कित्याक?" तिला सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतो.

दसऱ्याला तुम्ही सगळी नागपूरला दीक्षाभूमीला गेलात आणि तुझी बॅग माझ्याकडे ठेवलीत. देताना तू म्हणालीस, "काका, फक्त पुसून ठेवा हां, पूजाबिजा नको." मी हो म्हटलं. बुधवारी खंडेनवमी. माझा बाप गिरणीत होता, तो मागाचा धोटा घरी आणून पुजायचा. मी चाळीस वर्षं काठ्या पुजतो. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी हळदकुंकू लावल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. मनात आलं, शनिवारी पोरीची एवढी मोठी मॅच, आणि हिच्याच काठ्या तेवढ्या कोरड्या ठेवायच्या? मी तुझ्या काठ्या बाहेर काढल्या. मोजल्या. चौदा होत्या. धुतल्या, पाटावर मांडल्या, आणि शेजारी माझी सात नंबर ठेवली. झेंडू वाहिला, नारळ फोडला.

शुक्रवारी काशीराम बॅग न्यायला सांगितलेल्या वेळेच्या आधीच आला. तो खालून हाक मारतोय आणि पाटावर सगळं तसंच. त्याला दिसू नये म्हणून मी फडक्याने भराभर पुसून सगळ्या काठ्या एकदम उचलल्या आणि बॅगेत घातल्या. तुझ्या काठ्या क्लबच्या चार मेंबरांनी दिलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. त्यात एक जास्त झाली ते हाताला कळलं नाही.

तुला नियम सांगायला नको, पण सगळं लिहून काढल्याशिवाय मला धीर येत नाही. बॅगेत चौदा काठ्यांच्या वर चालत नाहीत. पंधरावी वापरली नाही, नुसती आत असली तरी गुन्हा. जुने कॅडी सांगायचे की पूर्वी साहेब लोक वीस-पंचवीस काठ्या भरायचे, उचलणाऱ्याचा खांदा जायचा, म्हणून हा नियम झाला. खरंखोटं त्यांना माहीत. पण मी ते खरं धरून चाललो. आणि आमच्या खांद्यासाठी केलेला नियम मीच मोडला.

पहिल्या टीवर, खेळ सुरू करायच्या जागी, प्रत्येक काठीला बोट लावून मोजायचं, हे मी किती नवीन कॅडींना हाताला धरून शिकवलं असेल. त्या दिवशी तुझी बॅग माझ्याच खांद्यावर होती, पण मोजलं नाही. एका काठीच्या मानेत हळद राहिली होती. तू बघशील म्हणून मी ती अंगठ्याने खरवडत होतो, तेवढ्यात तुझं नाव पुकारलं.

चौथ्या होलवर तू पाच नंबर मागितलीस. ती काढताना हाताला माझ्या काठीची मूठ लागली. मी तिला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली आहे, आंधळ्यालाही ओळखेल. तिथल्या तिथे तुला सांगायला हवं होतं. पहिल्या दोन होलचे दोन-दोन असे दंडाचे चार फटके वाढले असते आणि तू पुढे खेळली असतीस. मी सांगितलं नाही. तू फटका मारून पुढे गेलीस, मी बुटाची नाडी बांधायच्या मिषाने मागे राहिलो आणि ती काठी बांबूच्या बेटात सारली.

तू गंधालीपेक्षा तीन फटके कमी मारून जिंकलीस. चार धरले तर ती तुला एकाने हरवते. हा हिशोब मी रोज करतो. दर वेळी तेच उत्तर येतं.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

धाकूकाका

*

पंतनगर, घाटकोपर
ता. १६ डिसेंबर

चि. रेवतीस आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, आलं तर मी काय घरी ठेवणार आहे?" काशीरामकडून कळलं की तू बरी आहेस, म्हणजे तू मुद्दाम लिहीत नाहीस. त्याला मी काय बोलणार.

माझ्याच्याने राहवलं नाही. मागच्या बुधवारी मी क्लबच्या सेक्रेटरींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी कधी बसलो नव्हतो. पूजेचंही सांगितलं, बांबूचंही सांगितलं. मग म्हणाले, "धाकू, त्या मुलीला हे माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही साहेब, तिला काय माहीत, ती पुढे चालत होती."

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि मला मराठीत समजावलं. स्पर्धा संपून निकाल लागला, आणि खेळाडूला त्या वेळी चुकीची कल्पनाच नव्हती, तर निकाल बदलत नाही. माहीत असून लपवलं असेल तरच बाद. रेवती, हे ऐकून मी तिथे त्यांच्यासमोर रडलो. मी एवढे दिवस समजत होतो की मी तुझं सगळं घालवलं. काही गेलेलं नाही. नंबर तुझा, जागा तुझी.

माझा कॅडीचा पास त्यांनी ठेवून घेतला. ते बरोबरच आहे. घरी सांगितलं, की वय झालं म्हणून सोडलं.

तुला त्यांचं पत्र येईल. दहा जानेवारीच्या आत उत्तर द्यायचं आहे. जास्त काही लिहू नकोस. मला माहीत नव्हतं, एवढं लिहून सही कर. मग हे मिटलं. माझ्याशी नंतर बोलली नाहीस तरी चालेल.

धाकूकाका

*

बंगळूर
२६ डिसेंबर

काका,

मला माहीत होतं.

तुम्हाला चौथ्या होलवर हाताला लागली, मला दुसऱ्याच होलवर दिसली. काळी मूठ. मी ती नऊ वर्षांची असल्यापासून बघतेय, मला दिसणार नाही का? मी स्वतःला म्हटलं, नाही दिसली. असेल सावली. तिसरं होल मी तसंच खेळले. मग चौथ्यावर चेंडूपाशी पोचून मागे बघितलं तर तुम्ही बांबूत वाकला होता. वर आलात, बॅग खांद्यावर घेतलीत, आणि तुमचं तोंड असं झालं होतं की मी वळून चेंडूकडेच बघायला लागले. मी म्हटलं, चला, काकांनी काढली, आता ते काकांचं आहे, माझं नाही.

मॅचनंतर फटक्यांच्या कार्डावर सही करताना मी दोनदा पेन खाली ठेवलं. तुम्ही म्हणालात, थंड पाणी पी. आठवतं?

पत्रात तुम्हाला काठीचं सहज विचारलं नव्हतं. मला बघायचं होतं तुम्ही बोलता का. बोलला नसतात तर मीही बोलले नसते आणि आपण दोघं मजेत राहिलो असतो. तुम्ही बोललात आणि मला तुमचाच राग आला. स्वतःचा यायला हवा होता, कळतंय, तरी तुमचाच आला. अजून आहे.

पूजा नको म्हटलं होतं. एकच गोष्ट सांगितली होती मी तुम्हाला. ती तुम्ही माझ्या भल्यासाठी केलीत. मग काठी लपवलीत ती पण माझ्या भल्यासाठी. आणि आता सेक्रेटरींना जाऊन सांगून आलात, तेव्हा तरी एकदा मला विचारावंसं नाही वाटलं? एका ओळीचं उत्तर लिही म्हणे. त्या एका ओळीत काय आहे माहितीये का? बाबांनी उधारीवर वाटलेले पेढे नाहीत त्यात, माझं सगळं वर्ष आहे. माहीत नव्हतं लिहिलं की मी इथेच. माहीत होतं लिहिलं की बाद, जागा रद्द, सामान उचल आणि चल घरी पार्कसाइटला. आणि आईला काय सांगू?

तुम्हाला आता झोप लागत असेल. माझी गेली.

क्लबचं पत्र टेबलावर आहे. सांगा, काय लिहू? एवढं सगळं तुम्हीच ठरवलंत ना.

रेवती

*

पंतनगर, घाटकोपर
ता. १ जानेवारी २०२६

चि. रेवतीस,

हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. पहिल्यात मी लिहिलं होतं की माहीत नव्हतं असंच लिही, बांबू काय साक्ष द्यायला येणार आहे? पाकीट चिकटवलंसुद्धा होतं. आमची नात ऋतिका ते टाकायला निघाली, तेव्हा तिच्या हातातून परत घेतलं. हेही तुला सांगायला नको होतं, पण आता लपवणं जमत नाही.

तुला माहीत होतं हे वाचून मला आधी बरं वाटलं. खरं सांगतो. वाटलं, मी एकटा नव्हतो. मग त्याचीच लाज वाटली. एकोणीस वर्षांची पोर माझ्याकडे बघून गप्प बसायला शिकली. तुला उभं कसं राहायचं, मूठ कशी धरायची हे मी शिकवलं, आणि त्या दिवशी हेही मीच शिकवलं.

काय लिहू, असं तू विचारलंस. मी सांगणार नाही. सेक्रेटरींना मी सांगितलं होतं की तिला माहीत नव्हतं. तेव्हा मला तसंच वाटत होतं. आता मी त्यांच्याकडे परत जाणार नाही, तुझं पत्रही कोणाला दाखवणार नाही. तू जे लिहिशील ते लिही.

मी फक्त माझ्या वाटणीचं तुझ्या घरी सांगून आलो. तुझं काही बोललो नाही. काल संध्याकाळी गेलो. काशीराम नुकताच कामावरून आला होता, पायावर पाणी घेत होता. मला बघून म्हणाला, "आलास का धाकू, बस, कुठे गायब असतोस?" तुझ्या आईने, सुंदराबाईने चहा टाकला. मी उभ्यानेच सांगितलं. मला वाटलं होतं तो काठीचं विचारेल, पासाचं विचारेल. त्याने पहिलं विचारलं, "पोरीने पूजा नको म्हटलेलं ना तुला?"

मी म्हटलं, "हो."

"मग?"

"मला वाटलं, यश येईल."

"तिच्या हाताने येत नव्हतं का?"

रेवती, इतकी वर्षं आम्ही एका डब्यातून जेवतो, तो माझ्या पोराच्या लग्नात वाढायला होता. मला कधी वाटलंच नाही की ह्यात त्याला काही लागेल. मी माझ्या घरचं चांगलं ते तुला दिलं, असंच धरून चाललो होतो. काशीराम ओरडला नाही. म्हणाला, "तू खालून माझी हाक ऐकून काठ्या पुसल्यास, म्हणजे तुला ठाऊक होतं." मग टॉवेल खांद्यावर टाकून आत गेला. चहा उकळून खाली उतरवला होता. सुंदराबाईने तो गाळला नाही. मी निघालो.

तुझ्यावर त्यांचा राग नाही. त्यांना तुझं काही माहीत नाही. ते सांगायचं की नाही हे तुझं तू बघ.

धाकूकाका

*

बंगळूर
७ जानेवारी

काका,

माहीत होतं असं लिहिलं आणि पाठवलं. दुसऱ्या होलपासून माहीत होतं, असं लिहिलं. पाठवून आल्यावर भूक लागली, दोन प्लेट भात खाल्ला.

तुमच्या पत्रामुळे लिहिलं असं समजू नका. तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी गंधालीला फोन केला होता. मेसेजचं उत्तर द्यायचं राहिलं होतं ना. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या कॅडीला काढलं?" मी म्हटलं, हो. तर म्हणाली, "बरं. आणि तू तीन महिने तिथे राहिलीस." बस, एवढंच, ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं यार.

बाबांना मीच सांगितलं. फोनवर मागे मशीनचा आवाज येत होता, तो त्यांनी बंद केला. म्हणाले, सामान नीट बांध, काही विसरू नको. आईने फोन घेतला नाही.

अठरा तारखेला, रविवारी सकाळी टर्मिनसला उतरतेय. पुढचं काही ठरवलेलं नाही. खेळायचं सोडणार नाही, एवढं ठरलंय.

रेवती

*

पंतनगर, घाटकोपर
ता. १४ जानेवारी

चि. रेवतीस,

टपालाने पत्र तिकडे पोचेपर्यंत तू निघालेली असशील, म्हणून ते काशीरामकडे द्यायला गेलो. पास नसल्यामुळे फाटकावर आत सोडलं नाही. वॉचमनने त्याला बोलावलं. मी पाकीट पुढे केलं. त्याने ते हातात घेतलं नाही. म्हणाला, "वॉचमनकडे ठेव, जाताना नेतो." म्हणजे नेईल. तो बोलला की करतो.

ते पत्र मी पाकिटातून काढून घेतलं आणि आता फाटकातच बसून हे शेवटचं नव्याने लिहितो आहे, वॉचमनच्या स्टुलावर. क्लबच्या बोर्डावरचा निकालाचा कागद बदलला आहे, तो इथूनही दिसतो. वर गंधालीचं नाव आहे. तुझं नाव खाली, त्याच्यापुढे बाद असं लिहिलंय. जाणारा-येणारा थांबून वाचतो. ज्यांना मी वर्षानुवर्षं रामराम घालत आलो ते मेंबर गाडीची काच वर करून गेले. माझं ठीक आहे. पण ते तुझं नाव वाचतात तेव्हा मला उठून सांगावंसं वाटतं की काठी माझी होती. दोघांना सांगितलंही. तिसऱ्याला सांगायला उठलो तेव्हा वॉचमन म्हणाला, "काका, बसा ना, का तिचं नाव अजून चारचौघांत घेताय?" मी बसलो.

तू खरं लिहिलंस. मी तुला शाबास म्हणायला बसलो होतो, पण ते म्हणायचा अधिकार मला नाही हे लिहिता लिहिता कळलं.

रविवारी टर्मिनसवर यावं असं माझ्या फार मनात आहे. गाडी किती वाजता येते तेही विचारून ठेवलं. सामान जड असेल, दोन बॅगा असतील, पुलाच्या पायऱ्या उंच आहेत, आणि काशीरामची कंबर धरते. सकाळपासून हेच डोक्यात आहे. पण तू ये म्हणालेली नाहीस. मी तीनदा तुझं पत्र वाचून बघितलं, कुठे तसं लिहिलेलं नाही.

म्हणून मी येत नाही. रविवारी घरीच आहे.

धाकू